प्रतिसाद: आधी मन स्वच्छ, मग देऊळ?

'मनातला राग आणि कटुता गेल्याशिवाय देवळात जाण्यात अर्थ नाही' हे म्हणणं मला पटत नाही. तसं असतं तर देवळात कोणी गेलंच नसतं. आमच्या सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांचीच कथा बघा. बाराव्या शतकात सोन्नलिगे, म्हणजे आजच्या सोलापुरात, ते लोकांना घेऊन तळं खोदत होते. तिथे अल्लमप्रभू हे शिवभक्त संत आले आणि त्या कामालाच टोचून बोलले. परंपरा सांगते की सिद्धराम प्रचंड संतापले. पण तिथेच ते अडून बसले नाहीत. पुढे ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला गेले, बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे त्यांच्या शिवभक्त अनुयायांमध्ये, मिसळले आणि कन्नड वचनं रचणारे मोठे वचनकार झाले. एवढा मोठा योगीसुद्धा रागातूनच पुढे गेला, हे मला फार धीर देणारं वाटतं.

आमच्या मामांची गिरणी बंद पडली तेव्हा देवाचं नाव काढलं तरी ते उठून जायचे. मामीने वाद घातला नाही. श्रावणात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापन केलेल्या ६८ शिवलिंगांच्या दर्शनाला निघताना फक्त म्हणाली, "पिशवी धरायला तरी चला." ते धुसफुसत गेले. गल्लीबोळांतली लिंगं शोधत चालताना गिरणीतले जुने सोबती भेटले, आणि इतके दिवस घरात कोणाशी न बोललेलं सगळं ते त्यांच्याशी बोलले. श्रद्धा नंतर आली, हळूहळू. आता संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, मिरवणुकीतला उंच नंदीध्वज दिसला की मामाच आधी हात जोडतात. घरातल्या अशा माणसाला उपदेश करू नका, नुसतं सोबत न्या.