आनंदीबाईंची रंगभूषा: सिनेमा बघून करू की जुना फोटो बघून?

रंगपेटी_सांगली

मंडळी, आमची संस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेत आनंदीबाई जोशींवरचं नाटक करतेय. रंगभूषा आणि केशभूषा माझ्या गळ्यात पडलीय. दोन महिने नुसतं बघत बसलेय. २०१९चा 'आनंदी गोपाळ' चार वेळा झाला. रमाबाई रानड्यांवरच्या 'उंच माझा झोका'चे मिळतील तेवढे भाग झाले. 'रमा माधव'सुद्धा बघितला (तो काळ शंभर वर्षं आधीचा, पण म्हटलं खोपे तरी बघू). वही भरली आणि डोकं गरगरायला लागलं.

पहिला घोळ कुंकवाचा. पडद्यावर ते पंचाने कापून चिकटवल्यासारखं रेखीव दिसतं. आमच्याकडे पणजीची फणेरपेटी आहे. झाकणाला आतून आरसा, खाली फणी, करंडा आणि मेणाची डबी. डबीच्या तळाला मेण अजून आहे, दगड झालेलं, आणि मधोमध बोटाचा खळगा. मी नवं मेण आणून मैत्रिणीच्या कपाळावर तसं कुंकू लावून बघितलं. कड पहिल्यापासूनच फिसकटलेली, आणि पाऊण तासात भुकटी नाकाच्या शेंड्यावर! आता खरं ते करू, की लोकांच्या डोळ्यांना सवय आहे ते?

दुसरं, १८८५चा तो प्रसिद्ध फोटो, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांचा. त्यावरून रंग ठरवायला गेलं तर सगळंच काळं.

तिसरं, नाटकात एक सोवळी (म्हणजे केशवपन केलेली विधवा) आत्या आहे, तिच्या डोक्याचं काय करू? आणि शेवटचं म्हणजे आमचा गोपाळराव डोकं भादरायला तयार नाही. बँकेत आहे.

विंगेतला_काका

फोटोत कुंकू काळं दिसतं म्हणून काळं लावू नकोस, हे आधी. हसू नकोस, लावणारे मी पाहिलेत. त्या काळच्या फोटोच्या काचांना निळा प्रकाश कळायचा, लाल कळायचा नाही. त्यामुळे लाल काळं उमटतं आणि निळं पांढुरकं. कातडीही आहे त्यापेक्षा सावळी येते. म्हणजे फोटो आकारासाठी बघायचा. भांग कुठे पाडलाय, केस कानावरून गेलेत की कानामागून, पदर किती वर आहे. रंग फोटोला विचारायचा नाही.

सिनेमा बघ, पण तो काळ कसा होता हे बघायला नव्हे. टोपाची कड त्यांनी कुठे लपवली, ते बघ. तिथे कॅमेरा नाकाला टेकतो म्हणून जाळीचा विग लागतो. तुझा पहिला प्रेक्षक वीस फुटांवर बसणार. कुंकवाला खाली लाल लायनर, वर कोरडं कुंकू, आणि कड बोटाने जराशी मोडायची. दोन अंक टिकतं.

आता खरं सांगायचं ते. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा आणि त्या गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ला. बावीससुद्धा पूर्ण नव्हती! शेवटच्या प्रवेशात सगळे त्यांना चाळिशीच्या करून टाकतात. सुरकुती एकही काढू नकोस. क्षय दाखवायचा तर कानशिलं, गालफडं आणि गळ्याचे खळगे तपकिरी छटेने आत घे. डोळ्यांखाली काळं फासलंस तर बाई आजारी दिसत नाही, हडळ दिसते. केसांचं म्हणशील तर पहिल्या अंकात गंगावन घालून भरघोस अंबाडा बांध आणि शेवटी गंगावन काढून टाक. तिच्या स्वतःच्या केसांची एवढीशी गाठ राहील. बाकी काही करायची गरज नाही.

कोल्हापुरी_टोप

काकांना मम. आत्याबाईंना टकलाची टोपी आणू नका, पैसे वाया. आलवणाचा, म्हणजे सोवळ्या बाईच्या लुगड्याचा, पदर कपाळापर्यंत येतो, डोकं दिसतंच कुठे? केस चापून वर जुन्या मोज्याची टोपी घाला म्हणजे पदराखाली फुगवटा येणार नाही. फक्त कानांपुढच्या बटा बाहेर राहू देऊ नका. हौशी नाटकांत तिथेच पितळ उघडं पडतं.

गोपाळराव मात्र अवघड आहे. टकलाची टोपी चिकटवली की पहिल्या अंकापुरती छान. घाम आला की कपाळावर स्पिरिट गम सुटतो आणि बाजूच्या स्पॉटमध्ये ती कड दोरीसारखी दिसते. एकदा आमच्या नटाची शेंडी भांडणाच्या प्रवेशात लोंबायला लागली, लोकांनी टाळ्या दिल्या. घरातले प्रवेश पगडीविना असणार, म्हणजे लपवायलाही जागा नाही. भादरा म्हणावं. आणि प्रयोगाच्या दिवशी नको, तीन-चार दिवस आधी. तासलेल्या डोक्यावर थोडे खुंट हवेत, न्हावी काही रोज येत नव्हता.

फिलीवाला_पुणेकर

मी फिलाडेल्फियात असतो. तो तिघींचा फोटो इथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आहे आणि ऑनलाइनही बघता येतो. फॉरवर्ड होऊन आलेल्या पुसट प्रतीवर काम करू नका, मोठी प्रत उघडून केसांवर झूम करा. अमेरिकेतल्या थंडीत आनंदीबाई गुजराती पद्धतीची साडी नेसायला लागल्या होत्या, तेव्हा तिसऱ्या अंकातही नऊवारी ठेवणार असाल तर दिग्दर्शकांना आत्ताच विचारून घ्या.

रंगपेटी_सांगली

काका, ते बावीस वर्षांचं वाचून मी वहीतली शेवटची चार पानं फाडली. आमची नटी तेवीसची आहे आणि मी तिला पांढऱ्या बटा काढणार होते!

लायनरची युक्ती काल तालमीत करून बघितली. दोन तास पंख्याखाली राहिलं.

गोपाळराव स्वतः तयार झालाय, पण आता त्याच्या आई अडून बसल्यात. "आम्ही दोघं जिवंत असताना मुंडण कसलं करतोस?" म्हणाल्या. आणि बँकेत येणारा प्रत्येक जण विचारणार, घरात कोण गेलं? रविवारी मी आणि दिग्दर्शक त्यांच्या घरी जातोय. कोल्हापुरी, तरीही टकलाची चांगली टोपी भाड्याने कुठे मिळते ते मेसेज करून ठेवा.