घाटात गाडी पळवायची म्हणून इंजिनात तेल जास्त भरावे काय?

म्हापसेकर:
"चोर्ला घाटात वेगाने जायचे असेल तर तेल खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त घाला," असा सल्ला काल येथे वाचला आणि राहवले नाही. तेल डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीच्या, वरच्या खुणेच्या फार वर गेले, तर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) फिरताना त्यावर आपटतो, तेलाला फेस येतो आणि पंप त्या दांड्याच्या बेअरिंगकडे तेलाबरोबर हवाही ढकलतो. वळणावर बेअरिंगला तेल मिळणार नाही, या ज्या भीतीने तेल वाढवले, तेच संकट अशाने ओढवते.

केरीचा रहिवासी:
सल्ला माझा होता आणि तो मी मागे घेत नाही. घाटाच्या पायथ्याशी राहतो. बेळगावहून परतताना एका लांब वळणावर ऑइलचा दिवा लागला आणि गाडी सरळ होताच विझला. खाली येऊन पाहिले, तर तेल खालच्या खुणेला टेकलेले होते. वळणावर तेल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, एका बाजूला चढते आणि पंपाचे तोंड उघडे पडते, हे मी भोगले आहे. त्या दिवसापासून जास्त भरतो. दिवा पुन्हा लागलेला नाही. पुस्तकी ज्ञान मला नको.

म्हापसेकर:
आपल्या अनुभवावरून एवढेच ठरते, की त्या दिवशी तेल कमी होते. पुष्कळ गाड्यांत दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते. वरच्या खुणेपर्यंत भरले असते, तरी दिवा बहुधा लागला नसता. शिवाय तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत बेअरिंगचे हाल सुरू झालेले असतात.

फोंड्याचा गॅरेजवाला:
दोघेही एक गोष्ट विसरता आहात. १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी असते. तिच्यातली काजळी जाळून ती साफ होताना अनेक इंजिनांत जादा डिझेल सोडले जाते, आणि बाजारापुरती फेरी मारून मध्येच इंजिन बंद केले, की त्यातले थोडे चेंबरमध्ये उतरते. तेल पातळ होते आणि पातळी आपोआप वाढते. मालक मात्र "माझी गाडी तेल खात नाही" म्हणून खूश! डिपस्टिकला डिझेलचा वास येत असताना, केवळ किलोमीटर भरले नाहीत म्हणून तेल न बदलणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. अशा गाडीत वर आणखी अर्धा लिटर ओतणे हा निव्वळ अविचार आहे.

केरीचा रहिवासी:
अविचार हा शब्द जपून वापरा. शर्यतीत उतरणारे काही जणही तेल थोडे जास्त ठेवतात.

म्हापसेकर:
ठेवतात, पण त्यांतले जाणकार चेंबरमध्ये तेल अडवणाऱ्या पट्ट्या बसवतात. आपली गाडी कोणती, आणि पातळी कशी मोजता?

केरीचा रहिवासी:
२०२१ ची डिझेल. घराच्या उतारावर, सकाळी.

फोंड्याचा गॅरेजवाला:
उतारावर मोजलेल्या पातळीला काही अर्थ नाही. सपाट जागा हवी, इंजिन तापवून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबायला हवे.

केरीचा रहिवासी:
ठीक आहे. शनिवारी साखळीच्या पेट्रोल पंपावर सपाटीला मोजतो आणि डिझेलचा वास आला तर तेल बदलून वरच्या खुणेपर्यंतच भरतो. मात्र त्यानंतर वळणावर दिवा लागला, तर जाब विचारायला येथेच येईन.