एसटीपीचा गाळ फुकट मिळतोय, रानात टाकू का?

भीमाकाठची
नमस्कार मंडळी. दौंड तालुक्यात दोन एकर ऊस आणि विहिरीकडेला दहा गुंठे पालक-कोथिंबीर आहे. शेणखताची ट्रॉली सहा हजारांवर गेली, त्यातही निम्मी माती. आता एक ट्रॅक्टरवाला शहरातल्या मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचा, म्हणजे एसटीपीचा, वाळलेला गाळ आणून देतोय. गाळ फुकट, भाडं तेवढं द्यायचं. दिसायला काळाभोर, भुसभुशीत, वास जवळपास नाहीच. शेजाऱ्यांनी खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला टाकला, फुटवे जोरात आहेत. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी सोनखत घालायचेच की! पण शहराच्या गटारात फक्त संडासाचंच जातं असं थोडंच आहे? तपासणीचा कागद मागितला तर ट्रॅक्टरवाला म्हणतो, "ताई, सरकारी माल आहे."

गाळवाला_निवृत्त
ताई, नेमकं धरलंत. असल्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी गेली. घरांच्या जोडीला प्लेटिंगवाले, गॅरेजवाले, रंगवाले सगळे त्याच गटारात सोडतात. पाणी स्वच्छ झालं तरी जड धातू कुठं जात नाहीत, गाळात येऊन बसतात. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, निकेल ५०, शिसं १०० अशा मर्यादा आहेत. तुमच्या गाळाचे आकडे हातात नसताना कुणी "चालतंय" म्हणालं तर ऐकू नका.

हिशोब करून बघा. कॅडमियम अगदी काठावर, ५ धरलं आणि एकरी ४ टन कोरडा गाळ टाकला, तर २० ग्रॅम कॅडमियम रानात गेलं. वरच्या सहा इंचांची माती एकरी साधारण ९०० टन भरते, म्हणजे किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमची भर. एका वर्षाला हे काहीच नाही. पण ते कुजत नाही, वाहूनही फारसं जात नाही, दरसाल साठत जातं. काळ्या चुनखडीच्या जमिनीत पिकाला कमी लागू होतं एवढाच दिलासा. पालक मात्र ते भराभर उचलतो, म्हणून त्या दहा गुंठ्यांत अजिबात नको.

वाळला म्हणजे जंतू मेले, असंही नाही. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत ढीग ५५ अंशांवर १५ दिवस ठेवून पाच वेळा पलटी मारायला सांगितलंय. अहमदाबादेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानं गाळ कोबाल्ट-६० च्या किरणांखालून काढतात. त्यानं जंतू मरतात, शिसं जिथल्या तिथं राहतं.

शेजाऱ्यांच्या फुटव्यांचं नवल नाही, गाळात नत्र-स्फुरद चांगलंच असतं. पालाश मात्र पाण्याबरोबर निघून जातं, ते वेगळं द्यावंच लागतं.

निफाडचा_बागवान
निर्यातीचा माल असेल तर विषयच संपला. ग्लोबलगॅप या शेतमालाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रात नोंदवलेल्या पिकाला माणसाच्या मैल्याचा गाळ चालत नाही, शुद्ध केलेला असो नाहीतर नसो. आमच्याकडे ऑडिटर खताच्या पावत्यासुद्धा बघतो. फुकटच्या गाळाची पावती कुठून आणणार?

बोस्टनकर
माझ्या इथून दीड तासावर, अमेरिकेतल्या मेन राज्यात आरंडेल गाव आहे. तिथल्या एका डेअरीच्या चारा-रानात ऐंशीच्या दशकापासून रीतसर परवानगीचा गाळ टाकला होता. २०१६ साली दुधात पीफास सापडलं, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांच्या आणि वॉटरप्रूफ कापडाच्या धंद्यातली रसायनं. दूध बंद, धंदा गेला. २०२२ मध्ये मेननं असा गाळ शेतात टाकायलाच बंदी घातली. धातूंची तपासणी कितीही केली तरी पीफास त्यात दिसत नाही.

गाळवाला_निवृत्त
खरंय. आपल्या खत नियंत्रण आदेशाच्या यादीत पीफास नाहीच. त्यामुळे धातूंचा अहवाल चांगला आला तरी मी तो "निर्धोक" म्हणून वाचणार नाही.

भीमाकाठची
पालकाला नाहीच टाकत. उसाचंही अहवाल आल्याशिवाय नाही. पण शेजाऱ्यांचं रान आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, आणि आम्ही पाणी तेच पितो. त्याचं काय करू?

गाळवाला_निवृत्त
मग गाळाच्या आधी पाणी तपासा. नायट्रेट आणि कोलिफॉर्म (पाण्यात मैला उतरल्याची खूण देणारे जंतू), एकदा आत्ता आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होतं. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्या, घरची धुतलेली चालत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर आलं तर प्यायला दुसरं पाणी बघा, उकळून ते कमी होत नाही. आणि शेजाऱ्यांना म्हणावं, ढीग विहिरीच्या अंगाला लावू नका, पसरलेला गाळ लगेच नांगरून मातीत घाला.