पायाचा 'बनियन': कुरूप, भोवरी की वाकडा अंगठा?

प्रश्न: केंब्रिजच्या मध्ययुगीन सांगाड्यांवरच्या लेखाचा अनुवाद तपासते आहे. पायाच्या विकाराला त्यात 'कुरूप' म्हटलंय. चालेल का? मूळ इंग्रजी शब्द 'बनियन' (bunion) तसाच ठेवला तर वाचकाला गंजीफ्रॉकच आठवेल.

उत्तर: 'कुरूप' नको. कुरूप काय, भोवरी काय, दोन्ही कातडीची दुखणी. सतत घासून, दाबून कातडी घट्ट होते. कातडी मातीत कुजून जाते, ती सांगाड्यात कुठून सापडणार? केंब्रिजला जे दिसलं ते हाडांत होतं. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो, चवड्यातलं त्याचं हाड उलट दिशेला सरकतं आणि अंगठ्याच्या बुडाशी टेंगूळ येतं. डॉक्टर याला 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 177 सांगाडे तपासले होते. 11 ते 13 व्या शतकांतल्या सांगाड्यांत हा विकार 6 टक्के, तर 14 व्या-15 व्या शतकांतल्यांत 27 टक्के. मधल्या काळात लांब टोकाच्या बुटांची फॅशन आली होती. खेड्यातल्या दफनभूमीत प्रमाण जेमतेम 3 टक्के, मठाच्या आवारात मात्र 43! धर्मगुरूंनी टोकदार बूट घालू नयेत असा चर्चचा हुकूम 1215 पासूनचा, तरीही. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच वाटतो: असा अंगठा असलेल्या उतारवयातल्या लोकांत पडून हाड मोडल्याच्या खुणा जास्त होत्या. म्हणजे तोल जात असणार. अनुवादात 'कुरूप' आलं की हा संबंधच तुटतो, कारण कुरुपाने चवड्याची ठेवण बदलत नाही.

प्रश्न: मग 'वातरक्त'? दुखणं अंगठ्याच्याच सांध्याचं आहे ना?

उत्तर: जागा तीच, आजार निराळा. वातरक्त हा शब्द गाउटसाठी वापरतात. त्यात युरिक ॲसिडचे खडे साचून सांध्याजवळचं हाड कुरतडल्यासारखं होतं. इजिप्तमधल्या फिली इथल्या एका प्राचीन म्हाताऱ्याच्या अंगठ्यात असे खडे मिळाले होते. तिथे 'वातरक्त' खुशाल लिहा. केंब्रिजसाठी पहिल्या उल्लेखात 'अंगठ्याचा वाकडेपणा (हॅलक्स व्हॅल्गस)' आणि पुढे नुसतं 'वाकडा अंगठा' पुरेल. टेंगळाला टेंगूळच म्हणा.