अनुभव धागा : नाताळ-थर्टीफर्स्टची संध्याकाळ, पार्कात आणि घरच्यांबरोबर

टिळकवाडीकरीण

डिसेंबर आला की आमच्या बेळगावातल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच विषय: पोरांना न्यायचं कुठं? कॉन्व्हेंटवाल्यांना नाताळची आठवडाभर सुट्टी, मराठी शाळेला एकच दिवस, त्यामुळे एकाच घरात दोन पोरं असली की भांडण ठरलेलं. म्हटलं, जे जाऊन आलेत त्यांनाच लिहायला सांगावं. सुरुवात माझ्यापासून.

मागच्या डिसेंबरात आई, मी आणि माझी आठ वर्षांची लेक भावाकडे फ्लोरिडात टँपाला गेलो होतो. तिथनं दीडेक तासावर ऑर्लँडो. तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये (हे पार्क 1971 सालचं) नोव्हेंबर-डिसेंबरात ठरावीक रात्री मिकीची ख्रिसमस पार्टी असते. दिवसाच्या तिकिटात ती येत नाही, तिकीट वेगळं. माणशी दीडशे डॉलरच्या वर. आईला मी आकडा सांगितलाच नाही, दादाच्या ऑफिसातनं पास मिळालेत म्हणून थाप मारली. ती इथं फिरकत नाही म्हणून लिहायचं धाडस.

पार्टी सात ते बारा, पण तिकीटवाल्यांना चारपासूनच आत सोडतात. मनगटाला पट्टा बांधतात. संध्याकाळ झाली की पट्टा नसलेल्यांना हळूहळू बाहेरची वाट दाखवतात. गाडी लावायची लांब, मग बोटीनं नाहीतर मोनोरेलनं तलाव ओलांडून दारापर्यंत. आम्ही बोट घेतली. आईनं चढताना पाण्याला नमस्कार केला. शेजारच्या गोऱ्या आजोबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही टोपी काढली.

खरी गंमत पिशवी तपासताना. आईकडे स्टीलचा डबा: चपात्या, शेंगाचटणी आणि खालच्या खणात कुंदा. बाहेरचं खाणं नेलेलं चालतं तिथं, काचेची बाटली तेवढी नको. पण डबा बघून तिथल्या पोरीनं उघडायला सांगितला. झाकण अडकलेलं. आई तिथंच बाकावर बसली, डबा गुडघ्यांत धरला आणि पदरानं पकडून झाकण पिळलं. ते 'टप्प' करून निघालं तशी मागची रांग हसायला लागली. पोरगी त्या तपकिरी रवाळ गोळ्याकडं बघतच राहिली. आई शुद्ध मराठीत, "दूध आटवलेलं आहे गं बाई, घे की थोडं." तिनं घेतलं नाही, पण सोडलं.

आत कोको आणि कुकीज फुकट, जागोजागी वाटतात. एक बिस्कीट सुंठीच्या चवीचं होतं, ते आईला आवडलं, पण आधी 'यात अंडं आहे का' हे मला तीन ठिकाणी विचारायला लावलं. ज्यांना काही चालत नाही त्यांच्यासाठी वेगळा काउंटर असतो, तो नकाशात आधी बघून ठेवा. आम्ही अर्धा तास फिरलो.

मग बर्फ. फ्लोरिडात कुठला आलाय बर्फ, पण मेन स्ट्रीटवर इमारतींच्या वरनं पांढरे कण पडायला लागतात, गाणी सुरू, लहानमोठे सगळे वर बघत उभे. माझ्या लेकीनं जीभ बाहेर काढून एक कण झेलला आणि थू थू करत माझ्याकडं पळाली. आईनं तळहातावर घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, फेस आहे हा. वर कुणीतरी धुणं काढलंय."

त्यानंतर त्या अख्ख्या रस्त्यावर आईसारखं कुणी हसत नव्हतं.

मिरवणूक दोनदा निघते. पहिलीला तासभर आधी फूटपाथ धरून बसलेली माणसं असतात, दुसरीला लहान पोरांचे आईबाप निघून गेलेले असतात, म्हणून गर्दी कमी. आम्ही दुसरी बघितली. त्याआधी व्हीलचेअर भाड्यानं घेऊया म्हटलं तर आई "मी काय आजारी आहे?" म्हणाली होती, नऊ वाजता निमूट बसली. लाकडी खेळण्यातल्या शिपायांसारखी वेशभूषा केलेली माणसं पाय ताठ ठेवून चालत आली तेव्हा तिच्या मांडीवर भाच्याचं चार वर्षांचं डोकं आणि तो गाढ झोपलेला. दीडशे डॉलरचा प्रेक्षक. (तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, हा वर्षानं चुकला.)

आता तुम्ही लिहा. इमॅजिका, वंडरला, गावाबाहेरचं रिसॉर्ट, काहीही चालेल.

तवंदी घाट

आम्ही निपाणीचे. घरची अकरा माणसं, एक टेंपो ट्रॅव्हलर, आणि इमॅजिका. आधीच सांगतो, डिसेंबरात पहाटे निघणार असाल तर उसाच्या ट्रॉल्यांचा हिशेब धरा. कारखाने सुरू असतात. एकामागं एक दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना काही, आणि ट्रॅक्टरवर गाणी फुल्ल. कागलपर्यंत आमचा ड्रायव्हर शिव्यांशिवाय काही बोलला नाही.

खोपोलीच्या त्या पार्कात 'नायट्रो' नावाचा मोठा पाळणा आहे, पाच वेळा माणूस उलटा होतो. आमच्यातनं फक्त काकू बसली. होय, काकू, वय चौपन्न. उतरल्यावर केस सारखे केले आणि म्हणाली, "एसटीत मागच्या शिटवर बसून रामनगरला जाऊन बघा, मग सांगा मला."

बर्फाचा भाग वेगळ्या तिकिटाचा. आत जायला जाकीट, बूट, हातमोजे तिथंच देतात. अण्णांना, म्हणजे वडिलांना, मापाचा बूट मिळेना. शेवटी एक पाय नऊ नंबर, एक दहा. आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत घाम गाळलेला माणूस, बर्फावर बसला आणि लहान पोरासारखी मूठ भरून माझ्याच पाठीत घातली की! माझ्या आठवणीत अण्णांनी माझ्याशी खेळलेला तो पहिला खेळ. मी बेचाळीसचा.

संध्याकाळी मिरवणूक निघते ती बघूनच निघा. बाकी जेवण महाग. पण ते सगळीकडंच.

मार्कंडेयकाठ

आमच्या लहानपणी डिसेंबरातला पार्क म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा. मार्गशीर्ष पौर्णिमेला बैलगाडीनं जायचो. आकाशपाळणा हातानं फिरवायचे, वर गेल्यावर फिरवणारा बिडी ओढायला थांबायचा आणि आपण वर लटकलेले. भंडाऱ्यानं कपडे पिवळे, ते पुढं दिवाळीपर्यंत जायचे नाहीत. तिकीट दहा पैसे. बस, एवढंच.

टिळकवाडीकरीण

@तवंदी घाट, अण्णांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. आणि काकूंना माझा नमस्कार सांगा.

खानापूर रोडवरचा बाप

आमचं वंडरला, बेंगळूरु. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी पोचलो, तिथनं म्हैसूर रस्त्यानं बिडदीला. मी, बायको, आणि चिरंजीव, वय दहा.

तिथं मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. 140 सेंटीमीटरच्या आत असला तर लहान. आमचे चिरंजीव 138. मी खिडकीपाशी खूश, चांगले पैसे वाचले. पठ्ठ्याला मीच सांगितलं होतं, "ताठ उभा राहू नकोस." तो बिचारा वाकून उभा.

आत गेल्यावर कळलं, मोठ्या पाळण्यांनाही हीच काठी. 140 च्या आत प्रवेश नाही. सकाळी वाकवलेलं पोरगं आता टाचा वर करून उभं. पहिल्या ठिकाणी माघारी. मग कुठं गेला म्हणून बघतोय तर बाकावर बसून बुटात माझे मोजे कोंबतोय! माझे, पिशवीतले, दोन्ही जोड. दुसऱ्या ठिकाणी पट्टीखाली उभा राहिला, केस बोटानं वर ओढलेले. काठी धरलेल्या दादानं खाली बुटाकडं बघितलं. मोज्याचं एक टोक बाहेर आलं होतं. तो हसला नाही, ते मला आवडलं. खाली वाकला आणि म्हणाला, "मुंदिन वर्ष बा, पुट्टा." पुढच्या वर्षी ये बाळा. आमचं पोरगं मराठी शाळेतलं, पण एवढं कन्नड त्याला गल्लीत येतंय. मान हलवून परत आला, मोजे मला दिले. ओले झालेले.

दिवस वाया गेला म्हणाल तर नाही. लाटांच्या तळ्यात तीन तास होता (सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घेऊन जावा, नाहीतर तिथं भाड्यानं घ्यावे लागतात). आणि अंधारातला तो पावसाचा नाच, गरम पाण्याचा, त्यात मी आणि मिसेस लग्नानंतर पहिल्यांदा नाचलो. फोटो नाही. मोबाईल लॉकरात होता. बरं झालं.

शहापूरची मोठी सून

नाव घेत नाही, गावाबाहेरचं एक रिसॉर्ट. थर्टीफर्स्ट, 'फॅमिली कार्निव्हल', सात माणसांचे आगाऊ पैसे भरले. पोरांसाठी हवेनं फुगवलेला हत्ती होता, त्याच्या पोटात शिरून उड्या मारायच्या. आठ वाजता लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, पण त्यावर डीजे तेवढा चालला, हत्तीचा पंखा नाही. आमच्या डोळ्यांसमोर हत्ती आधी सोंडेकडनं वाकला, मग गुडघ्यावर आला, मग बसला. आत बारा-पंधरा पोरं. सगळे बाप धावले, कापड उचलून एकेकाला पायाला धरून ओढून काढलं. कुणाला लागलं नाही, पण माझा धाकटा अजून हत्ती बघितला की विचारतो, "हा बसणार काय?"

जेवणाचं विचारू नका. मामंजींना साखरेचा त्रास, त्यांना वेळेवर लागतं. साडेनऊपर्यंत 'होतंय, होतंय'. शेवटी सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला घरी. पिठलं करायला मला दहा मिनिटं लागतात." अकराला घरी, पिठलं-भात, वर कच्चं तेल. पैसे परत मागायला आमचे हे चार वेळा जाऊन आले. दर वेळी मालक नुकतेच बाहेर गेलेले असतात.

बाराला गल्लीच्या कोपऱ्यावर पोरांनी ओल्ड मॅन जाळला, तो मात्र बघितला. फुकटातला.

कॅम्पातला

चला, कुणीतरी नाव काढलं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो. बेळगावात 31 डिसेंबरला सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतात, त्याला आम्ही ओल्ड मॅन म्हणतो. कॅम्पात आठवडाभर आधी रस्त्याकडेला विकायला ठेवलेले असतात, ओळीनं उभे, शर्टपँट घातलेले. पण विकतचा आणणं म्हणजे विकतचे लाडू आणण्यासारखं. आम्ही घरी करायचो. बाबांची जुनी पँट, खाली पाय बांधायचे, आत गवत आणि वर्तमानपत्रं ठासायची, दिवाळीतले उरलेले फटाके छातीत. बाबांची पँट 'जुनी' आहे की नाही यावरनं दरवर्षी घरात वाद. एका वर्षी खिशातली लॉन्ड्रीची पावती काढायची राहिली, ती म्हाताऱ्याबरोबर गेली आणि सूट सोडवायला बाबांना दोन फेऱ्या घालाव्या लागल्या.

कॅथेड्रलकडनं गाण्याचा आवाज, थंडी अशी की तोंडातनं वाफ, आणि बाराला पेटवला की सगळी गल्ली हात शेकायला गोळा. ख्रिश्चन, मुसलमान, मराठे, लिंगायत, कोण कोण. मग केक. तो डिसोझांकडनं, नाहीतर फर्नांडिसांकडनं, पण यायचाच.

पार्कात गेलो नाही कधी, मुलं ओरडतात. पण 31 ला मी बेळगाव सोडत नाही.

चिकोडीचा सांता

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. इंजिनिअरिंगला असताना एका कार्यक्रमात सांताक्लॉज झालो होतो. पाचशे रुपये आणि जेवण. सूट पॉलिस्टरचा, पोटाला हॉस्टेलची उशी, दाढी डिंकानं चिकटवलेली. दहा मिनिटांत डिंक घामानं सुटला, मग मी एका हातानं दाढी धरून दुसऱ्या हातानं चॉकलेटं वाटत होतो. चॉकलेटं तासात संपली. पुढं रिकामी पिशवी हलवत फिरायचं, तो आवाज यावा म्हणून मी त्यात माझी किल्ली आणि कंपास टाकला होता.

पोरं कानात मागण्या सांगतात. कन्नड, मराठी, कोंकणी, इंग्लिश, सगळं मिसळून. एकीनं सांगितलं, पप्पांना ड्युटीवरनं आण. मराठा सेंटरचं, म्हणजे फौजीचं लेकरू असणार. तिला काय द्यायचं? शेवटचं चॉकलेट कुणासाठी तरी लपवलं होतं, ते दिलं. तिनं घेतलं, पण ते मागितलं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

आणि एक पाचेक वर्षांचा. दाढीकडं नीट बघून म्हणाला, "सांता, तुला मराठी येतंय?" मला बोलायची परवानगी नव्हती, नुसतं 'हो हो हो' म्हणायचं. पण तोंडातनं गेलंच, "येतंय की." ते पोरगं तीरासारखं आईकडं, "आई, सांता आपल्यातलाच हाय गं!"

पाचशेतले तीनशेच मिळाले. दाढीचं नुकसान म्हणून दोनशे कापले.

टिळकवाडीकरीण

आईला हे सगळं वाचून दाखवलं. दीडशे डॉलरवालं गाळून. सांताचं ऐकून म्हणाली, त्याला घरी बोलव, कुंदा देऊया. @खानापूर रोडवरचा बाप, या वर्षी जाणार काय परत? उंची किती झाली?

खानापूर रोडवरचा बाप

कालच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण केली. 143. आता पूर्ण तिकीट लागणार, आणि खिडकीपाशी वाकायला तो तयार नाही.