चिप्सचं पाकीट अर्धं रिकामं का असतं?

प्रश्न
मुलीसाठी चिप्सचं पाकीट फोडलं तर चिप्स अर्ध्याच्याही खाली. मागच्या वर्षीचं रिकामं पाकीट घरात सापडलं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. उंची-रुंदी तीच, निव्वळ वजन मात्र 10 ग्रॅमने कमी. ही शुद्ध फसवणूक आहे, की खरंच काही कारण असतं?

उत्तर १
आत साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. ऑक्सिजन राहिला तर तेल खवट होतं. शिवाय पाकीट फुगलेलं असलं की चुरा कमी होतो.

उत्तर २
नायट्रोजनचं बरोबर आहे, पण एवढ्यावर भागत नाही. मी 11 वर्षं पॅकिंग लाइनवर फिटर होतो. पाकिटाच्या फिल्मचा रोल कॉलरवरून, म्हणजे यंत्राच्या गळपट्टीसारख्या भागावरून वळतो आणि त्याची नळी होते, खालून सील बसतं, वरून चिप्स पडतात आणि गरम जबडे वरचं तोंड मिटतात. त्या जबड्यात एक चिप जरी अडकली तरी सील गळतं. वर मोकळी जागा ठेवावीच लागते. पडताना चिप्स विस्कळीत असतात, वाहतुकीत हादरे बसून खाली दबतात. तुम्हाला दिसते ती दबलेली पातळी.

वजनाचा काटा फार जपतात. मिनिटाला 60 पाकिटं धरा. प्रत्येकात 2 ग्रॅम जास्त गेले, तर 8 तासांत 57 किलोंहून अधिक माल फुकट जातो. आमची अर्धी पाळी त्या काट्यामागेच जायची.

पण तुमच्या 10 ग्रॅमचा याच्याशी काही संबंध नाही.

प्रश्नकर्ती
म्हणजे पाकीट लहान करता आलं असतं?

उत्तर २
हो. रुंदी बदलायची तर यंत्रातली कॉलर आणि फिल्म जिच्याभोवती गुंडाळते ती नळी, असा सेट नवा लागतो, तो खर्च मोठा. लांबीचं तसं नाही. फिल्मच्या कडेला एक लहान गडद चौकोन छापलेला असतो, यंत्राचा डोळा तो पाहून कापतो. वजनाचा आकडा बदलायला नवी छपाई लागतेच, त्याच वेळी तो चौकोन अलीकडे घेता येतो. फिल्मही वाचते. बाहेरचे खोकेही मग नव्या मापाचे लागतात, हे मान्य. तरी माल कमी करून लांबी तीच ठेवली असेल, तर माझ्या मते तो निर्णय यंत्राचा नाही, विक्रीवाल्यांचा आहे, आणि तुमचा राग योग्य आहे.