मित्राच्या कमिंग आउटवर ८ मिनिटांची डॉक्युमेंटरी : परवानगी, चेहरा, आवाज

शेवटचं_सेमिस्टर

नमस्कार. मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ८ ते १० मिनिटांची डॉक्युमेंटरी द्यायची आहे, हातात सहा आठवडे. विषय माझा मित्र, वय २१. आपण गे आहोत हे त्याने गेल्या वर्षी आईला आणि ताईला सांगितलं. बाबांना आणि गावाकडे माहीत नाही. फिल्मची कल्पना त्याचीच आहे आणि आईही बोलायला तयार आहे. जवळ एक मिररलेस कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एक फोन आणि वायरचा कॉलर माइक आहे. एडिट डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत करणार. परवानगी कशी लिहून घ्यायची? चेहरा दाखवायचा की नाही? कायद्याची काही अडचण येते का?

रकानेवाला

कायद्याचं आधी. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम) वगळलं, त्यामुळे तो कॅमेऱ्यासमोर जे सांगेल त्यात गुन्हा नाही. २०१७ च्या खाजगीपणाच्या निकालात लैंगिक कल हा माणसाच्या खाजगीपणाचा गाभ्याचा भाग मानला आहे. म्हणजे कोणाला, कधी, किती सांगायचं हे तोच ठरवणार, दिग्दर्शक नाही.

आता ‘तो तयार आहे’ याबद्दल. कशाला तयार आहे? वर्गात दाखवायला, महोत्सवाला पाठवायला, की यूट्यूबवर टाकायला? या तीन वेगळ्या परवानग्या आहेत आणि कागदावर प्रत्येकीपुढे वेगळी सही हवी. एकाच सहीत तिन्ही घेतल्या की पुढे भांडण तिथेच होतं.

पहिल्या आठवड्यात कॅमेरा बाहेर काढू नका. त्याच्यासोबत बसून एका कागदावर तीन रकाने भरा : कोणाला माहीत आहे, कोणाला कळलं तर चालेल, कोणाला कळता कामा नये. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे लिहा, यांना कळलं तर त्याचं काय जाईल : फी, राहती खोली, ताईचं ठरत आलेलं लग्न. चेहरा, आवाज, गाव, आईची ओळख, सगळ्याचे निर्णय या कागदावरून घ्यायचे. कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवू नका आणि काम झालं की फाडून टाका.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. त्यात हे हवंच : काय चित्रित होणार, कुठे दाखवणार, कच्चं फुटेज कोणाकडे राहणार आणि कोणत्या तारखेला पुसलं जाणार. अंतिम कट ठरेपर्यंत कारण न देता कुठलंही वाक्य किंवा पूर्ण मुलाखत मागे घेता येईल, हेही स्पष्ट लिहा. इंटरनेटवर एकदा गेलेलं परत आणता येत नाही, हे त्याला तोंडीही सांगा. पहिला कट त्याला एकट्याला दाखवा आणि उत्तरासाठी किमान दोन दिवस द्या. सगळा ग्रुप सोबत बसला की माणूस ‘मस्त आहे’ म्हणून मोकळा होतो.

आईचं संमतीपत्र वेगळं. फिल्म बाहेर गेली की शेजारणींना आणि भिशीच्या बायकांना उत्तरं तिलाच द्यावी लागणार आहेत. बोलण्याच्या ओघात तो शाळेतल्या मित्राचा किंवा जुन्या प्रियकराचा उल्लेख करेल. ती माणसं तुमच्या कागदावर नाहीत. नुसतं नाव ‘बीप’ करून भागत नाही, कारण कॉलेज, वर्ष आणि गाव जोडलं की माणूस सापडतो. ते वाक्यच काढा.

उजेडसावली

बाबांना माहीत नाही आणि फिल्म वर्गाबाहेर जाण्याची थोडीशीही शक्यता आहे, तर चेहरा नको. पण काळी आकृती करून बसवूही नका. बातम्यांमध्ये आरोपीला तसं बसवतात, बघणाऱ्याच्या डोक्यात तोच अर्थ उमटतो. मान, पाठ, हात आणि तो रोज हाताळतो त्या वस्तू यांवर फिल्म उभी राहते. आई मेथी निवडतेय, तो समोर बसून देठ वेगळे करतोय, चौकटीत फक्त चार हात आणि वर्तमानपत्र. असा शॉट पंधरा सेकंद न हलवता घ्या. मात्र हातही ओळखू येतात. अंगठी, घड्याळ, मनगटावरचा गंडा काढायला सांगा. तीळ किंवा जुना व्रण असेल तर कोन बदला. शर्ट बाबांनी घेतलेला नको.

खिडकी मागे ठेवून अंधारा चेहरा घेणार असाल तर एक धोका आहे. १०-बिट किंवा लॉग (जास्त तपशील साठवणारं, फिकं दिसणारं) फुटेजमध्ये सावलीतही भरपूर तपशील उरतो. ब्राइटनेस वाढवला की डोळे दिसायला लागतात. रिझॉल्व्हमध्ये स्वतः वाढवून बघा. दिसलं तर अंतिम फाइलमध्ये काळा भाग पूर्ण शून्यावर दाबा. ब्लर त्याहून बेभरवशाचा : ट्रॅकिंग एका फ्रेमसाठी जरी सुटलं तरी कोणीतरी तिथेच पॉज करतं. चेहरा मुळात चौकटीत घेतलाच नाही तर हे सगळं टळतं.

प्रतिबिंबं तपासा : स्टीलचं कपाट, टीव्हीची काळी काच, आईचा चष्मा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गावातल्या किराणा दुकानाचं नाव छापलेलं असतं, ते उतरवा. गाडीची नंबर प्लेट, सोसायटीची पाटी, दारावरचं नाव यांकडेही लक्ष ठेवा.

सेटिंग : २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० वर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा, नाहीतर घराचा पत्ता फाइलमध्ये जातो. फोनचा फ्रेम रेट आपोआप बदलत राहतो, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. एडिटला घेण्याआधी ती फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ वर काढून घ्या.

रूमटोन

चेहरा लपवला आणि आवाज तसाच ठेवला तर बाबा दुसऱ्या वाक्याला ओळखतील. पिच खाली ओढणं हा उपाय नाही. तो उलटा फिरवता येतो, शिवाय बोलण्याची लय आणि हेल तसेच राहतात. मुलाखत शब्दशः उतरवा आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. सुरुवातीला पाटी द्या : ‘शब्द त्याचे, आवाज दुसऱ्याचा’. वाचणाऱ्याने प्रमाण भाषेत वाचलं तर माणूस हरवतो आणि बोली तशीच ठेवली तर जिल्हा कळतो. हा तोल मित्रालाच ठरवू द्या. आईचा आवाजही याच कारणाने बदलावा लागेल, हे तिला आधी सांगा.

मग मूळ रेकॉर्डिंग चांगलं कशाला? कारण वाचणारा त्यावरूनच थांबे आणि श्वास उचलणार आहे. माइक हनुवटीपासून एक वीत खाली, सुती कपड्यावर. आईच्या बाबतीत पदर घासतो आणि मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात. माइक खांद्याच्या बाजूला लावा, वायरचा छोटा वेढा टेपने चिकटवा, बांगड्या सरकणार नाहीत असे हात मांडीवर ठेवायला सांगा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा बंद, फ्रिज बंद. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही. शेवटी सगळे गप्प बसून खोलीचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा, कापलेल्या वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरतात.

चाळीत किंवा पातळ भिंतीच्या खोलीत ही मुलाखत घेऊ नका. पंखा बंद केला की तुम्हाला जसं शेजारचं ऐकू येतं, तसं शेजारच्यांनाही तुमचं ऐकू जातं. 

शेवटचं_सेमिस्टर

खूप आभार सगळ्यांचे. चेहरा नाही आणि आवाज दुसऱ्याचा, हे मित्राशी बोलून ठरवलं. आईला सांगितलं तो प्रसंग दोघांकडून पुन्हा करून घ्यावा का? आणि प्रश्न कसे विचारायचे?

कच्चा_कट

पुन्हा करून घेऊ नका. खरं रडणं दुसऱ्यांदा मागायचं नसतं. ज्या जागी बोलणं झालं ती जागा रिकामी दाखवा, ओटा, पिंप, खिडकी, आणि वर त्या दोघांचे शब्द. दोघांच्या मुलाखती वेगवेगळ्या घ्या. आई समोर असली की तो तिला जपून बोलेल.

‘तुला कधी कळलं?’ हा प्रश्न पहिला नको. ‘त्या दिवशी घरात काय शिजत होतं?’ असं विचारा. हाताला धरण्यासारखं काही मिळालं की आठवण नीट येते. पुढे : ‘आईशी बोलताना कोणता शब्द वापरलास? गे, समलिंगी, की नाव न घेताच सांगितलंस?’ मराठीत बहुतेकदा ‘मला मुली आवडत नाहीत’ इथूनच सुरुवात होते आणि तो शब्द शोधणंच फिल्मचा कणा होऊ शकतं. आईला विचारा : ‘दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याशी पहिलं काय बोललात?’ उत्तर संपलं की मनात पाच अंक मोजा, मगच पुढचा प्रश्न. एका बैठकीत ४५ मिनिटं पुरे. थांबायची खूण आधी ठरवा आणि ती झाली की रेकॉर्डिंग बंद, वाद नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांकडे असू द्या, तिथे मराठीत बोलता येतं. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था समलिंगी लोकांसाठी १९९४ पासून काम करते.

सबटायटल आणि निवेदनात ‘कबुली दिली’ लिहू नका, कबुली गुन्ह्याची असते. ‘सांगितलं’ हा साधा शब्द पुरतो. गे म्हणजे तृतीयपंथी नव्हे, ही गल्लत वर्गात होईलच.

आणि शेवट ‘बाबांना सांगणार का?’ या उत्कंठेवर बांधू नका. फिल्म पूर्ण व्हावी म्हणून त्याच्यावर सांगायचा दबाव येतो.

रकानेवाला

एक राहिलं. बाबा तुम्हाला ओळखत असतील तर श्रेयनामावलीतलं तुमचं नावच त्याची ओळख सांगेल. वर्गाबाहेर जाणाऱ्या प्रतीत टोपणनाव घाला आणि ‘विशेष आभार’मध्ये त्याच्या घरच्यांचं कोणाचंही नाव नको. महोत्सवाला पाठवताना लक्षात घ्या, तिथली माहितीपुस्तिका आणि स्थिरचित्र इंटरनेटवर जातात. मुंबईच्या कशिश या क्विअर (एलजीबीटी) चित्रपट महोत्सवाला पाठवायची असली तरी परवानगीच्या कागदात या दोन्हींचा वेगळा उल्लेख करा.

सबमिशन पेन ड्राइव्हवर, फाइलच्या नावात मित्राचं नाव नाही, चित्रावर परीक्षकाच्या प्रतीचा वॉटरमार्क. यूट्यूबची ‘अनलिस्टेड’ लिंक खाजगी नसते, ज्याच्या हाती लिंक लागेल तो बघतो. विभागाच्या सामायिक संगणकावर एडिट केलं असेल तर प्रोजेक्टसोबत कॅश आणि प्रॉक्सीचे (सॉफ्टवेअरने आपोआप केलेल्या तात्पुरत्या प्रतींचे) फोल्डरही पुसा, मूळ आवाज आणि चेहरा बहुतेक तिथेच मागे राहतात.